भीतीचे वाटे

एक-चाळिसांश

सुरुवातीला ती इतकी बारीक होती, की तिला भीती म्हणायलाही कुणी तयार नव्हतं.

"मुंगी चावल्यासारखां झालां," बाबल सारंग छातीवर बोट ठेवून म्हणाले. "हय. मधोमध."

"माका वाटलां पित्त," रेश्मा म्हणाली.

"स्वताच्या हातचां जेवतंस, पित्त होतलांच!" मागून कुणीतरी बोललं आणि सगळी खोप हसली.

निवतळच्या किनाऱ्यावर, रापणीचं जाळं ठेवायच्या त्या खोपीत माणसं वाळूवर गोल करून बसली होती. प्रत्येकाच्या डाव्या कानाखाली, मानेवर, माशाच्या खवल्यासारखी पारदर्शक पट्टी. मध्ये फळीवर एक पेटी, पेटीवर हिरवा दिवा. दिवा लागलाय म्हणजे वाटप चालू आहे. दुसऱ्या दिवशी बाबलकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. वादळात होडी घालणारा हा रापणीचा मुख्य, डोळ्यात सुई जाणार म्हणून आठवडाभर झोपला नव्हता. ती भीती आता चाळीस जणांत वाटली गेली होती आणि एकेकाच्या वाट्याला मुंगीएवढी आली होती.

"आणि तुम्हाला, काका?" चार्वीने विचारलं.

बाबलकाकांनी डोळे मिटले. स्वतःच्या छातीत डोकावून पाहिल्यासारखं केलं.

"माकाय तितकीच. मुंगी." मग हळूच, "गेली गो चेडवा. खय गेली?"

चार्वी खोबरेकरला रडू आलं. तिचे वडील याच गावचे, पण ती वाढली ठाण्यात, शिकली मुंबईच्या कलामहाविद्यालयात. ती चित्रं काढत नसे. एकट्या माणसाला करता येणार नाही असं काहीतरी घडवायचं, आणि घडल्यावर ते कुणा एकाचं म्हणता येऊ नये, एवढीच तिची कला. म्हणून तर ती रापणीकडे आली. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात, आणि सगळी वाडी दोन रांगांनी दोर ओढते. आलेल्या बांगड्यांतला माझा कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. मग वाटे पडतात.

मासळीचे पडतात, तर भीतीचे का नाही?

यामागचं विज्ञान तिने खोपीत बसून सगळ्यांना समजावलं होतं. भीती आधी शरीराला होते, मनाला मागाहून कळते. मेंदूपासून निघून मानेतून, छातीतून थेट पोटापर्यंत उतरणारा एक लांबलचक मज्जातंतू असतो, व्हेगस नावाचा. हृदयाने किती धडधडायचं, श्वास किती उथळ घ्यायचा, ठसका लागल्यावर खोकायचं कधी, ही सगळी बोलणी त्याच्यातून चालतात. पट्टी ती बोलणी ऐकते. घाबरलेल्याच्या तंतूला बारीक विद्युतस्पंद देऊन त्याची धडधड उतरवते. आणि जेवढी उतरवली तेवढी बाकीच्या पट्ट्या आपापल्या माणसाच्या शरीरात सारखी वाटून चढवतात. मिनिटभरात सगळे समान. ज्याची भीती, त्याच्याकडेही इतरांइतकाच वाटा उरतो. एका प्रयोगशाळेने हे दोन माणसांसाठी बनवलं होतं: एक भयाचे झटके येणारा रुग्ण, एक परिचारिका. चार्वीने त्यांना विचारलं होतं, दोघंच का?

एक बदल तिने मुद्दाम करून घेतला. पेटी नावं साठवत नाही. भीती कुठून आली हे पेटीला कळतं, पण ती सांगत नाही आणि लगेच विसरते. "कुणाची होती हे कळलं की ती सगळ्यांची राहत नाही," असं चार्वी म्हणे.

शेवटची, चाळिसावी पट्टी तिने खोपीत लावली नव्हती. त्यासाठी ती दाजी कुबलांच्या घरी गेली होती. दाजी म्हणजे बाबलकाकांच्या आधीचे मुख्य. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेलेली. घराच्या पडवीत खाटेवर पडून असत. पण रापण आली की पहिला वाटा अजून दाजींचा निघे आणि टोपलीतून घरी जाई. "मासळीत वाटो आसा, मगे ह्येच्यात कित्याक नाय?" बाबलकाका म्हणाले. दाजींच्या मानेवर पट्टी दाबताना चार्वीला वाटलं, आपलं काम खरं इथे पूर्ण झालं.

दाजींची सून म्हणजे रेश्मा. चार्वी तिच्याचकडे राहत होती.


तरीही एक-चाळिसांश

मग ती दुपारची यायला लागली.

सकाळची रापण ओढून, वाटे घालून माणसं घरी जात, आणि जेवणवेळेला छातीत मुंगी चावे. एकदा नव्हे, लागोपाठ. थांबे. परत चावे. अर्धा-पाऊण तास हेच. मग बंद. दुसऱ्या दिवशी परत.

कारण नसलेली भीती अंगात शिरली की मन कारण शोधायला निघतं. हे प्रयोगशाळेने चार्वीला सांगितलं नव्हतं.

प्रमिलाला वाटलं, गोव्यातल्या मुलाला अपघात झाला. ती रोज जेवता जेवता त्याला फोन करू लागली. वसंत धुरीला वाटलं हृदय गेलं, तो कुडाळला जाऊन तपासण्या करून आला. शाळेतल्या बाईंना वाटलं वर्गात साप आहे. बाकं उलटीपालटी केली. दोन भाऊ बांधावरून भांडत होते, ते एकमेकांकडे बघेनासे झाले. दोघांनाही वाटे, हा मला मारणार. एकीने विहीर झाकून टाकली. आणि प्रत्येकीला, प्रत्येकाला, आधी स्वतःचंच काहीतरी आठवलं. ही दुसऱ्याची आहे, हे लक्षात यायला बरेच दिवस गेले.

लक्षात आल्यावर मात्र खोपीतली हवाच बदलली.

"कोणाची आसा, सांगान टाका," बाबलकाका म्हणाले. "हय कोण हसूचो नाय."

 वसंत धुरी कुडाळच्या तपासणीचा कागद सगळ्यांना दाखवू लागला.

"कुणाला घरी कुणी मारतं का?" चार्वीने विचारलं. विचारताना तिचा आवाज तिलाच परका वाटला. "दुपारी? कुणी धमकावतं? मला एकटीला सांगितलं तरी चालेल."

बायकांनी बायकांकडे पाहिलं. पुरुषांनी वाळूकडे. त्या दिवसापासून वाडीत दुपारच्या वेळी कुणाचंही दार लावलेलं दिसलं की शेजारी कान देऊ लागले.


एक-सव्विसांश

पट्ट्या निघू लागल्या.

साधा हिशोब होता. पट्टी काढली की आपल्याला वाटा येत नाही. आणि पट्टी काढल्यावरही भीती आपल्याच अंगात राहिली, तर ती आपलीच होती. म्हणून पट्टी काढणारा प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास रोखून बसे. काही झालं नाही की सुटल्यासारखा हसे. खोपीत येऊन सांगे, "माझी नाय!"

पण एक माणूस कमी झाला की उरलेल्यांचा वाटा तेवढा वाढे. मुंगीची गोम झाली.

"पेटीच बंद कर," वसंत धुरी म्हणाला.

"बंद केली तर ज्याची आहे त्याच्यावर सगळी एकदम कोसळेल," चार्वी म्हणाली. "आणि तो कोण हे आपल्याला कधीच कळणार नाही."

"माका कळूकच नको," म्हणून त्याने पट्टी काढून तिच्या हातात दिली.

रेश्माने काढली ती घरात, भांडी घासताना.

"रागावू नको गो. माका ती भीती येता ती नेमकी मामंजींका भरवताना. हात असो कापता, अर्धी पेज उशीवर. म्हाताऱ्याच्या तोंडात चमचो घालूचो की नाकात, तांच समजत नाय."

"तू पण?" चार्वी म्हणाली.

"मी नाटकातलां काम करतंय काय? माका घर आसा." मग तिने ओल्या हाताने चार्वीचा गाल ओढला. "तोंड वाकडां करू नको. तुझी पट्टी वायट नाय. मामंजींचां बघ. पैले जेवताना किती छळायचे! दात घट्ट मिटायचे, मान फिरवायचे, चमचो उडवायचे. आता कसे गुणान गिळतत. सोन्यासारखे शांत झाले. त्येंची काढूची नाय हां."

चार्वीला ते ऐकून बरं वाटलं. इतक्या दिवसांत कुणी पहिल्यांदाच तिच्या कामाबद्दल चांगलं बोललं होतं.

दुपारी रेश्माने दाजींना भरवलं. हात कापला नाही. चार्वी तेव्हा खोपीत होती. भीती यायच्या वेळी ती रोजच खोपीत असे, पेटीजवळ, उरलेल्यांचे चेहरे न्याहाळत.


फोन

मुंबईतल्या कलामहोत्सवाचा संयोजक निहार. चार्वीचा कॉलेजपासूनचा मित्र; तिचं हे काम तिथेच मांडलं जाणार होतं.

"किती उरलेत?"

"नऊ. मलाही धरून."

"आणि भीती कशी आहे?"

"निहार, परवा एक बाई ओकली. मी काल दुपारी खोपीच्या खांबाला मिठी मारून बसले होते."

"मग आणखी माणसं जोड. मी तेच म्हणतोय. उद्घाटनाला चारशे पाहुणे येणार, प्रत्येकाला दारातच पट्टी. तू मला पेटीची परवानगी दे, मी इथून सगळ्यांना एकदम जोडतो. चारशेत वाटलीस तर तुलाच काय, कुणालाच काही कळणार नाही."

"आणि ज्याची आहे त्याला?"

"त्यालाही नाही! अगं, हेच तर तुझं काम आहे ना? कुणीही एकट्याने घाबरायचं नाही?"

तिने मानेवरची पट्टी बोटाने चाचपली.

"चार्वी, तुला वाचवतोय मी. त्या माणसालाही."

"पण तो कोण आहे ते..."

"कशाला हवंय? नाव नको असं तूच म्हणालीस."

तिने परवानगी दिली. द्यायच्या आधी ती बराच वेळ फोन हातात धरून बसली, असं नंतर ती स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे तिने लगेच दिली. दुपार जवळ येत होती.


निम्मी (असं तिला वाटलं)

उद्घाटनाच्या दिवशी खोपीत दोघंच उरले होते: बाबलकाका आणि ती. सकाळची रापण उशिरा लागली होती. बाहेर वाळूवर बांगड्यांचा ढीग होता आणि बायका वाटे घालत होत्या. कुणाच्याच मानेवर आता काही नव्हतं. सगळ्या मोकळेपणी बोलत होत्या, आत मात्र कुणी येत नव्हतं.

आली.

 चार्वीचा श्वास अर्ध्यावर तुटला. दुसरा घ्यायला गेली, तो आणखी आखूड. समोरची पेटी, खांब, जाळ्याचा ढीग, सगळं होतं तिथेच होतं आणि त्यातलं काहीच आपल्या बाजूचं नव्हतं. कुणीतरी चूक करतंय, कुणीतरी थांबवा, एवढंच मनात. काय थांबवा ते माहीत नाही. मग जरा ओसरली. आणि पुन्हा.

बाबलकाका दोन्ही हातांनी वाळू धरून बसले होते. कपाळावर घाम.

"ही माका म्हायत आसा," ते म्हणाले.

"काय?"

"ही भीती. तरणो होतंय तेव्हा होडी पालथी झाली. पाण्याखाली गेलंय. तोंड मिटूक होया, पण श्वासय होयो. तेव्हा आली ती... हीच ती." परत एक लाट आली. ते थांबले, गिळलं. "कोणतरी बुडता गो चेडवा. रोज दुपारी कोणतरी बुडता."

"कुठे? समुद्रात तर कुणी नाही."

"तांच म्हणतंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चार्वीला कळलं की काका काय विचारणार आहेत.

"तुझी नाय मां?"

"नाही. तुमची?"

"माझी कसली? माझो डोळो कवाच बरो झालो."

"काढा काका. तुमची पट्टी काढा."

"आणि तुझ्यावर सगळी पडली तर?"

"तर माझी आहे हे तरी कळेल."

त्यांनी मानेवरचं खवलं सोलून काढलं. लगेच त्यांचा चेहरा सैल पडला, खांदे उतरले. आणि तेवढ्यात चार्वी गुडघ्यांवर आली. तिच्या घशातून आवाज निघाला. तो तिचा नव्हता, एखाद्या जनावराचा होता.

म्हणजे माझी. सगळे गेले आणि ती राहिली, म्हणजे माझीच. इतके दिवस मीच सगळ्यांना घाबरवत होते. वाळूत कपाळ टेकून ती स्वतःच्या आत शोधू लागली, कशाला घाबरतेय मी? काय बुडतंय माझं? काही सापडेना. फक्त तो तुटका श्वास. घ्यायचाय आणि घेता येत नाही.

"दिवो चालू आसा," बाबलकाका म्हणाले.

"काय?"

"हिरवो दिवो. तू म्हणाललंस, दोन माना आसल्याशिवाय लागत नाय."

तिने मान वर केली. दिवा लागला होता.


निम्मी, खरोखरची

बाबलकाकांनी बाहेर जाऊन हाक मारली. वाटे टाकून माणसं आली, आणि एकेक जण आत येऊन मान वळवून, कानामागचे केस बाजूला करून दाखवू लागला. प्रमिला. वसंत. शाळेच्या बाई. ते दोन भाऊ. सगळ्यांच्या माना मोकळ्या. कुणाच्या मानेवर पट्टीच्या जागी जरा पांढुरका डाग. चार्वी खांबाला धरून उभी होती आणि प्रत्येक मानेगणिक तिला वाटत होतं, आता दिसेल. दिसत नव्हतं.

"कोण राहिलं?" ती विचारत होती. "आठवा ना. कोण राहिलं?"

"कोण नाय गो. सगळे इले."

बाहेर ढिगापाशी एकच म्हातारी बसून राहिली होती. तिने आत हाक दिली, "अरे, दाजींचो वाटो खयच्या टोपलेत घालूचो?"

खोपीत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. वसंत "निळ्या" म्हणालाही.

चार्वीचे ओठ हलले. दाजी फक्त घेतात. दाजींकडे वाटा जातो. दाजींकडून काही येत नसतं, कधीच; म्हणून मोजताना सगळ्यांनी त्यांना सोडलं होतं, आणि पट्टी जिने स्वतःच्या हाताने लावली तिनेही. दुपार. जेवण. पैले दात घट्ट मिटायचे. आता कसे गुणान गिळतत.

"काका," ती म्हणाली, "दाजी बुडतायत."

"पेटी बंद करू?"

"नको! सगळी एकदम त्यांच्यावर पडेल, हृदय थांबेल त्यांचं. गाडी बोलवा. आरोग्य केंद्राची."

ती धावली. भीतीच तिला ओढत होती. वाळूतून, माडांखालून, दगडी गडग्याच्या फटीतून. पळता पळता तिने निहारला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. उचलून कुणीतरी "सोहळा चालू आहे" म्हणालं, मागे टाळ्या ऐकू आल्या, आणि


शून्य

बरं वाटलं.

चार्वी थांबली. श्वास पूर्ण आत गेला, पूर्ण बाहेर आला. गडग्यावर ऊन पडलं होतं. कुणीतरी तारल्या सुकत घातल्या होत्या, आणि त्यांच्यावर एक मांजर नजर ठेवून बसलं होतं. छान दिसत होतं ते. किती दिवसांत तिने मांजराकडे पाहिलं नव्हतं.

ती कुठे चालली होती? रेश्माच्या घरी. हो. दाजी. दाजींच्या घशात पेज जाते त्याचं काहीतरी. सांगू या रेश्माला. जेवण झाल्यावर सांगितलं तरी चालेल, मध्येच कशाला तिला त्रास. गाडी बोलावलीच आहे. तिने चपलेतली वाळू झटकली. दुसऱ्या चपलेतलीही.

निहारने जोडलं वाटतं.

हा विचारही हळूच आला, ओळखीचा माणूस रस्त्याच्या पलीकडून हात करतो तसा. चारशे माना. चारशेत वाटली तर कुणालाच कळणार नाही. खरंच की. निहार बरोबर होता.

कुणालाच.

ती गडग्यावर बसली आणि तिने स्वतःला एक प्रश्न विचारला, शाळेतल्या मुलाला गणित विचारावं तसा. मघाशी तू धावत होतीस. का? एक माणूस बुडत होता म्हणून. आता तो बाहेर निघाला का? नाही. मग मघाशी आणि आता यात बदललं काय? फक्त तुला वाटायचं थांबलं.

उत्तर बरोबर होतं. पण उत्तराने पाय हलत नव्हते. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा कळलं, की माणसाला पळवायचं काम कोण करतं. डोक्याला सगळं ठाऊक होतं, आणि डोकं गडग्यावर बसून होतं.

ऊठ, तिने स्वतःला सांगितलं. मोठ्याने. मांजर पळालं.

ती उठली. एक पाय टाकला. पुढचाही, तिला मुद्दाम टाकावा लागला.

पडवीत रेश्मा खाटेच्या कडेला बसली होती. दाजी उताणे, डोक्याखाली पातळ उशी. रेश्मा काहीतरी गुणगुणत चमचा भरत होती, त्यांच्या तोंडात सोडत होती, ओठांच्या कडेचं ओघळलेलं पुसत होती. दाजींचा चेहरा शांत. इतका शांत चेहरा चार्वीने कुणाचाच पाहिला नव्हता. डोळे छताकडे. प्रत्येक घोटाला घशात बुडबुडा फुटावा तसा आवाज होत होता. ओठ जांभळट.

"ये गो. जेवलंस?"

"रेश्मा, थांब. त्यांच्या श्वासनळीत जातंय."

तिच्या आवाजात काही नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं ती बोलली होती, आणि रेश्मानेही ते तसंच ऐकलं.

"काय तरीच. खोकले असते मां? बघ, कसे गुणान..." चमचा परत भरला.

चार्वी खाटेपाशी गेली. आपण काय करणार आहोत ते तिला स्वच्छ दिसत होतं. सगळी एकदम त्यांच्यावर पडेल, असं मघाशी खोपीत कुणीतरी म्हणालं होतं. तिनेच. म्हातारं हृदय आहे. थांबू शकतं. पण या चेहऱ्यावर विश्वास ठेवून रेश्मा आणखी एक चमचा घालेल, मग आणखी एक, आणि हा माणूस असाच, गुणी मुलासारखा, कुणालाही न कळता, अगदी स्वतःलाही न कळता, पडवीत बुडेल.

तिने वाकून दाजींच्या मानेवरची पट्टी नखाने उचकटली आणि सोलून काढली.


पूर्ण

आधी डोळे.

छताकडे लागलेले दाजींचे डोळे एकदम खाली आले, गरगर फिरले, चमच्यावर थांबले. मग डावा हात उठला. मग तोंड. चमचा तोंडात होता आणि दात त्याच्यावर कडकन मिटले. रेश्माने ओढला. सुटेना.

"मामंजी? सोडा. मामंजी, मी रेश्मा."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि उशीत मागे सरकायचा प्रयत्न केला. भिंतीकडे. तिच्यापासून लांब. घशातून एक घरघर निघाली. अर्धांग गेलेलं ते शरीर उरलेल्या अर्ध्यानिशी रेश्माला ढकलत होतं.

रेश्माचा हात चमच्यावरून सुटला.

"माका भियाले," ती म्हणाली. "गो, हे माका भियाले."

पेजेची वाटी खाली पडली होती. तिने वाटीकडे पाहिलं, चमच्याकडे, परत त्या डोळ्यांकडे. चेहऱ्यावर एकेक दुपार उमटत गेली.

"मी रोज... मगे रोज मी..."

चार्वी हे सगळं बघत होती. तिला काहीच होत नव्हतं. समोर एक माणूस जिवाच्या आकांताने झगडत होता, दुसरं माणूस मोडून पडत होतं, आणि ती पाय जुळवून उभी होती, संग्रहालयात उभं राहावं तशी. तिचा हा क्षण मुंबईत चारशे पाहुणे सरबताचे पेले हातात घेऊन, नकळत वाटून घेत होते. तिने स्वतःच्या मानेवर हात नेला, पट्टी धरली आणि कातडीसकट ओढावी तशी ओढली.

मग तिला भीती वाटली. तिची स्वतःची. हा माणूस आत्ता, माझ्यासमोर, मी हे केलं म्हणून मरेल. आणि त्याच क्षणी हात आपोआप कामाला लागले.

"उचल त्यांना! बसतं कर, रेश्मा, बसतं!"

"लाव गो परत ती पट्टी," रेश्मा रडत होती. "असे माझ्याकडे बघतत तां माका बघवत नाय. लाव. शांत होतले."

"नाही."

"माझ्या पाया पडान सांगतंय..."

"शांत झाले तर मरतील!" चार्वी किंचाळली. "उचल म्हणते ना!"

रेश्माने डोळे पुसले. मग ती खाटेला वळसा घालून मागून चढली, दाजींना दिसणार नाही अशी, त्यांच्या पाठीशी. काखांत हात घालून तिने तो जड देह वर ओढला आणि स्वतःच्या छातीला टेकवून बसता केला. दाजींची मान पुढे पडली. चार्वीने बोट घालून जबडा सैल केला. चमचा पडला, आणि दात तिच्या बोटावर बसले. तिने बोट काढलं नाही.

काहीच आवाज नाही. श्वासही नाही.

"मामंजी," रेश्मा त्यांच्या कानाशी म्हणाली. "खोका. माका शिवी घाला, पण खोका."

पाठ आखडली. पोट आत गेलं. मग खोकला आला, फाटका, ओला, खोलवरून, आणि त्याच्याबरोबर चार्वीच्या हातावर गरम पेज.

"आणखी," रेश्मा म्हणाली. ती त्यांच्या पाठीवर थाप मारत होती आणि थरथरत होती. दाजीही थरथरत होते. "आणखी खोका. आणखी."

माडांमागून माणसांच्या धावण्याचा आवाज येत होता. गाडीचा अजून नव्हता. दाजी खोकले. थांबले. घाबरलेले डोळे चार्वीच्या चेहऱ्यावर खिळवून त्यांनी श्वास ओढला, आणि पुन्हा खोकले.